डोंगळ्यांतली उसनी गुणगुण

“ओरडा! ओरडा की रे! आता कोण चावणार हाय तुम्हाला?”

आत्या डोंगळ्यांच्या मधोमध उभी राहून बोंबलत होती. डोईचा पदर खांद्यावर उतरलेला, दोन्ही हात मोकळे आणि तोंड आभाळाकडे. बांधावर तिची सून पाण्याची कळशी कमरेवर घेऊन थिजलेली. मी नुकताच टेम्पो उभा करून खाली उतरत होतो. खाली टाकलेला पाय मी पुन्हा वर घेतला. कारण त्या तुकड्यात कुणी ओरडलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, आणि आत्याचं तर एका दबक्या ‘श्शऽऽ’पलीकडं काहीच नाही.

आधी डोंगळे म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर शहरातले वाचक मुंगळे समजून पाय झटकायला लागतील. खायचा कांदा पोसला की उपटायचा, इतकं सोपं. पण कांद्याचं बी हवं असेल तर निवडलेला कांदा दिवाळीच्या आगेमागे पुन्हा जमिनीत पुरावा लागतो. त्याला कमरेएवढे पोकळ हिरवे दांडे फुटतात, ते डोंगळे. दांड्याच्या टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचा चेंडू येतो, तो गोंडा. गोंडा वाळला की त्यातून काळं बी निघतं, त्याला आमच्या दिंडोरीकडे उळं म्हणतात. हे उळं आपोआप भरत नाही. मधमाशी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर हिंडली तर दाणा, नाहीतर नुसतं पोचट टरफल.

म्हणून फुलोरा सुरू झाला की त्या तुकड्यात बोलायचं नाही, हा आत्याच्या सासूपासूनचा नेम. बोललं की माशी बिथरते, बिथरली की फूल सोडते, असं म्हणायचे. खरंखोटं माशीला माहीत. खोकला आला तर बांधाबाहेर जाऊन खोकायचा. पाणी धरताना बायका एकमेकींशी खुणांनी बोलायच्या. आत्याचे मालक, म्हणजे आमचे मामा, ते होते तेव्हा त्यांनी एकदा स्वतःच्या अंगठ्यावर कुदळ मारून घेतली आणि बोंब मारायला विहिरीपर्यंत लंगडत गेले. तिथं जाऊन जी मारली तिनं विहिरीचं पाणी हातभर वर आलं.

आणि माझा तर धंदाच आवाजाचा. मांडव, खुर्च्या, स्पीकर. माझ्या स्पीकरच्या बासच्या दणक्यानं एका लग्नात नवरदेवाच्या मुंडावळ्या फिरून पाठीवर गेल्या होत्या. नवरी विचारत होती, हार कुठल्या बाजूनं घालू? असला माणूस डोंगळ्यांत शिरला की आत्या लांबूनच ओठांवर बोट ठेवायची. “श्शऽऽ. माश्या कामावर हायत.”

काय गुणगुण असायची ती! बांधावर कप ठेवला तर बशी थरथरायची. आग्या माश्या यायच्या पश्चिमेच्या डोंगरांतून, सातेरी यायच्या ओढ्याकाठच्या झाडांच्या ढोलीतून, त्या चिमुकल्या फुलोरी माश्या कुठून यायच्या देव जाणे. सगळ्यांचा मिळून एक आवाज व्हायचा आणि तो जमिनीपासून छातीपर्यंत भरून यायचा. मी त्या आवाजाला पाठ टेकून झोपलोय. हसू नका. तेवढा जाड होता तो.

त्या दिवशी मी टेम्पोतून उतरलो तेव्हा तसलं काही नव्हतं. गोंडे होते. दर वर्षीपेक्षा जास्तच पांढरे, सगळे एकदम उमललेले. आणि आवाज नव्हता.

“आत्या,” मी बांधावरूनच म्हणालो. माझाच आवाज मला दगडासारखा जड वाटला.

“ये, ये. बिनधास्त ये. गाणी लाव तुझी,” ती म्हणाली. “घसा फुटंस्तोवर ओरडतेय मी सकाळधरनं. एक माशी उडाली नाय. उडायला असावी तर लागंल ना!”

“आठवडाभर काहीतरी बिनसलंय सासूबाईंचं,” सून हळूच मला म्हणाली. “आधी चार-सहा दिवस नुसत्या वाकून वाकून गोंड्यांत बघायच्या. आज सकाळी एकदम ओरडायलाच लागल्या. भाऊजी, तुम्ही बघा ना काहीतरी.”

मी आत गेलो. कमरेएवढे हजारो पांढरे चेंडू, वारा नसताना दांड्यांवर किंचित डुलणारे. माझ्या धंद्यातली उपमा द्यायची तर मांडव सजलाय, खुर्च्या भरल्यात, हातात अक्षता दिल्यात, आणि वरात येतच नाही. मग हळूहळू सगळे पाहुणे मान वळवून मांडववाल्याकडं बघायला लागतात. त्या दिवशी ते गोंडे माझ्याकडं बघत होते, हे मी कुणाच्याही शपथेवर सांगतो.

थंडी यंदा पाहुण्यासारखी आली होती, चहासुद्धा न घेता गेली. तिच्या पाठोपाठ जे ऊन पडलं ते थेट चैत्रातलं. दर वर्षी गोंडे आज इथले, उद्या तिथले असे रांगेनं उमलायचे, पुरवून पुरवून माश्यांना वाढल्यासारखे. यंदा महिनाभर आधी, आणि सगळे एकदम. फुलांनी कॅलेंडर फाडलं होतं, माश्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

शेजारचा द्राक्षबागाईतदार बांधावर येऊन उभा राहिला. आत्याच्या फुलोऱ्याच्या काळात तो दर वर्षी फवारणी संध्याकाळवर ढकलतो, एवढा सज्जन. त्यानं हात जोडले. “मावशी, देवाशपथ, ह्या बाजूच्या ओळींवर मी औषधाचा थेंब टाकलेला नाय. माझं नाव घेऊ नका.”

“तुझं नाव कशाला घेऊ बाबा,” आत्या म्हणाली. “तुझ्या बागंत तरी दिसली का एखादी?”

“आता तुम्ही म्हणताय तर,” तो म्हणाला, “नाय दिसली.” आणि मग मागं वळून स्वतःच्याच बागेकडं असा बघायला लागला, जणू तिच्यात कुणी लपून बसलंय.

आता आत्याची काळजी काय होती ते नीट सांगायला हवं. बाजारात कांद्याचं बी पुडक्यात मिळतं, चकचकीत, पुडक्यावर टोमॅटोएवढे लाल कांदे. गावानं कधीचंच पुडकं धरलं. आत्याकडं मात्र घरचं उळं होतं. तिची सासू सटाण्याकडची, ती माहेराहून लुगड्याच्या सोग्यात बांधून घेऊन आलेली. चपटा, फिकट गुलाबी कांदा. कांद्याच्या चाळीत साठवला की पुढच्या दिवाळीपर्यंत कोंब काढत नाही, आणि फोडणीत पडला की तीन घरं पलीकडची माणसं ताट घेऊन बसतात. सासू अहिराणी बोलायची. मरताना आत्याला म्हणाली होती, “हाई उळं आपलं शे. जप.” एवढंच.

आणि उळ्याची एक खोड आहे. ते वर्षाचंच. गहू, ज्वारी जुनी झाली तरी उगवतात. उळं एक पावसाळा चुकला की मुकं होतं. म्हणजे दर वर्षी नवं काढायलाच हवं, एक वर्ष खंड पडला की वंश बुडाला. मागच्या वर्षी काढणीला आलेले गोंडे अवकाळीत भिजून काळे पडले, चाळीतला कांदा सडला. जे चांगले कांदे उरले ते सगळे आत्यानं ह्या तुकड्यात पुरले होते. मागं काही ठेवलं नव्हतं. गावात दुसऱ्या कुणाकडं ते बी नव्हतं. ते जिथं होतं, तिथं ती उभी राहून ओरडत होती.

“मी बघतो,” मी म्हणालो.

“काय बघतोस?”

“माश्या कुठं गेल्यात ते.”

“सापडल्या तर टेम्पोत घालून आण,” आत्या म्हणाली. ती हसली नव्हती.

हरसूलच्या बाजूला माझं एक लग्न होतंच. तिथल्या डोंगरात आग्या मोहोळ काढणारा एक गडी माझ्या ओळखीचा. त्याच्या ओळखीचं कारण असं की जिल्ह्यात माझ्या तोडीचा थापाड्या तोच. मी मुंडावळ्यांची गोष्ट सांगितली की तो सांगणार, कड्यावर दोराला लटकून मध काढताना माश्यांनी त्याला उचलून थेट पेठ गावात नेऊन सोडलं आणि एसटीचं भाडं वाचलं. लग्नाचा मांडव उभा करून मी त्याच्या घरी गेलो. तो पडवीत दोर उलगडून परत गुंडाळत बसला होता.

“माश्या पाहिजेत,” मी म्हणालो.

“मला बी,” तो म्हणाला.

मी पुढच्या थापेची वाट बघत उभा राहिलो. आलीच नाही.

तो मला कड्याखाली घेऊन गेला. भर दुपार. मोहाची झाडं फुलून झाली होती, फुलं वेळेआधी गळून खाली वाळलेली, वेचायला कुणी आलेलं दिसत नव्हतं. पायाखाली पानं एवढी कुरकुरीत की आम्ही दोघंच चालत होतो आणि मागून वरात येतेय असा आवाज. मी तीनदा वळून बघितलं. चौथ्यांदा त्यानं बघितलं.

“वर बघ,” तो म्हणाला.

काळा उभा कडा, आणि त्याच्या पोटाशी, जिथं पाऊस लागत नाही तिथं, अर्धगोल डाग. मोठे, लहान, एकाला एक चिकटून. जिथं जिथं दर वर्षी पोळं लोंबायचं तिथं मेणाचा डाग राहतो. भिंतीवरचे फोटो काढून नेल्यावर चौकटी उरतात ना, तसे. एकाही डागाखाली पोळं नव्हतं. मी आजवर त्या कड्याखाली उभं राहून बोललो की वरून गुरगुर यायची. त्या दिवशी नुसता माझा श्वास परत येत होता.

“झालं काय?” मी विचारलं.

“मला काय माहीत?” तो म्हणाला. “दिवाळीनंतर बी पाऊस थांबलाच नाय. कड्यावरची सोनकी, कारवी, सगळी फुलं कुजली. माश्या आल्या होत्या, बसल्या होत्या, मग एक दिवस सकाळी आलो तर नाय. मेलेल्या बी नाय दिसल्या खाली. उठून गेल्या.”

“कुठं?”

“तुझ्याकडं गेल्या असतील म्हणून मीच फोन करणार होतो.”

दोघं थापाडे एका कड्याखाली, आणि दोघांकडं सांगायला काही नाही. परतताना तो म्हणाला, “आल्या तर कळवतो.” मी म्हणालो, “आमच्याकडं आल्या तर मी कळवतो.” मयताच्या घरून निघताना बोलतात तसं झालं ते.

लग्नांच्या निमित्तानं मी जिल्हाभर हिंडतो, आणि त्यानंतर जिथं जाईन तिथं हेच विचारायला लागलो. मांडवाचे बांबू पुरता पुरता विचारायचो, तुमच्याकडचं कोण गेलं? घोटीच्या बाजूला एक यजमान म्हणाला, भाताच्या बांधावर खेकड्यांची बिळं आहेत, खेकडे नाहीत. हात घातला तर आत गरम लागतं. गोदावरीच्या पाणथळीजवळचा एक वाढपी म्हणाला, परदेशी बदकं यंदा आली, एक फेरी मारली आणि पाणी न शिवता गेली. चांदवडकडच्या माळरानावर एका म्हाताऱ्यानं सांगितलं, टिटवी एरवी भर उन्हात अंडी गार ठेवायला त्यांच्यावर ओलं पोट घासते, यंदा ओलं व्हायला पाणीच नाही तर ती नुसती ये-जा करते, दिवसभर. मी ह्या गोष्टींना मीठमसाला लावायचा प्रयत्न केला. माझी ती सवयच. पण ह्यांत घालायला माझ्याकडं काही नव्हतं. लोक सांगायचे आणि आपणहून आवाज खाली आणायचे.

परत आलो तेव्हा आत्याचं काम सुरू झालं होतं. ती, सून आणि वाडीतल्या दोन बायका सकाळी दव सुकलं की डोंगळ्यांत शिरायच्या आणि तळहातानं गोंडे कुरवाळायच्या. या गोंड्यावरून हात त्या गोंड्यावर, मग पुढच्या. माशीचं काम हातानं. बाळाच्या टाळूवरून फिरवतात तसा हलका हात, नाहीतर फूल मोडतं. तळहात पिवळे झालेले, अंगाला कांद्याचा उग्र वास. कुणी बोलत नव्हतं. नेम आत्यानंच मोडला होता आणि आता आपोआप पुन्हा लागू झाला होता.

“हातानं किती होणार?” मी विचारलं.

“जेवढं होईल तेवढं,” आत्या म्हणाली.

मला ते बघवेना. आणि माझ्या डोक्यात माझ्याच धंद्याची अक्कल उगवली. मी म्हणालो, “आत्या, गुणगुण ऐकून माशी येते.”

“तुला कोण बोललं?”

“अगं, जिथं चार माश्या तिथं पाचवी जाते. गावात वाजायला लागलं की न बोलावलेली पोरं कुठून कुठून येतात, बघितलं नाहीस? जिथं आवाज तिथं जेवण, हे कुणालाही कळतं. आपण आवाज सोडू. लांबच्या माशीला वाटेल इथं पंगत बसलीय.”

“आणि गुणगुण कुठली आणणार?”

ती होती माझ्याकडं. काही वर्षांपूर्वी ऐन फुलोऱ्यात मी मोबाईलवर त्याच तुकड्याचा व्हिडिओ घेतला होता, आत्याला चिडवायला. त्यात चित्र हललेलं, पण आवाज पक्का आलेला. त्याच शेतातल्या त्याच माश्यांचा.

दुसऱ्या दिवशी मी लग्नातला मोठा स्पीकर बांधावर उभा केला, विहिरीच्या मोटरवरून वायर ओढली आणि तो आवाज लावला, संपला की पुन्हा पहिल्यापासून.

गुणगुण सुरू झाली.

मला वाटलं होतं आनंद होईल. पहिल्या क्षणी झालाही. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अंगावर काटा आला तो गेलाच नाही. आवाज भरलेला, अगदी तसाच, छातीपर्यंत. आणि समोर एका फुलावर एक पंख नाही. डोळ्यांना एक दिसत होतं, कानांना दुसरं. वाडीतल्या एका बाईनं गोंड्यावरचा हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. तिला वाटलं, माशी हाताखाली आहे, नुसती दिसत नाही.

आणि शेवटाला, मी विसरूनच गेलो होतो, आवाजात आत्या आली.

“श्शऽऽ. माश्या कामावर हायत.”

व्हिडिओ घेताना ती मला गप्प करत होती, तेच. पण लग्नाच्या स्पीकरमधून ते आलं आणि सगळं शिवार गप्प झालं. पलीकडच्या द्राक्षबागेत मजूर बोलत होते ते थांबले. रस्त्यानं सायकलवरून कुणी गाणं म्हणत चाललं होतं ते थांबलं. खरी आत्या माझ्याशेजारी उभी होती, तोंड मिटून. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती बघितली. स्वतःच्याच आवाजाला ती “कोण?” म्हणाली.

“बंद करू का?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. “राहू दे. आली तर आली.”

पुढचे दिवस असेच. ऊन चढलं की गुणगुण, आणि तिच्या मध्ये चार बायका पिवळ्या हातांनी गोंडे कुरवाळत चाललेल्या. थोड्या वेळानं “श्शऽऽ”, की चौघीही जागच्या जागी थबकायच्या, पुन्हा चालायच्या. लांबून बघणाऱ्याला काय वाटत असेल ते मला एका संध्याकाळी कळलं. द्राक्षबागाईतदार टेम्पोपाशी आला.

“भाऊ, एक सांगू का,” तो मला म्हणाला. “माझी माणसं त्या बाजूच्या ओळीत जायला तयार नाहीत. म्हणतात, मावशीच्या शेतात मेलेल्या माश्या बोलतात.”

“मेलेल्या कुठं? रेकॉर्डिंग आहे.”

“तेच ना,” तो म्हणाला. “त्यातली आता जिती कोणती आहे?”

मी टेम्पोचं फाळकं लावून टाकलं.

आणि मग एके दिवशी दुपारी कुणीतरी आलं. सुनेनं पहिल्यांदा पाहिलं आणि बोटानं वर दाखवलं. विजेच्या तारेवर वेडे राघू. हिरवे, चिमणीपेक्षा थोडे मोठे, शेपटीतून एक काडी बाहेर आलेली, डोळ्यांवरून काळी रेघ. माशी उडताना पकडून तारेवर आपटून खाणारे पक्षी ते. आधी थोडे होते, मग तार भरली, मग दुसरी. एरवी हे राघू क्षणभर बसत नाहीत. उडतात, पकडतात, परत येतात, नुसतं चिर्र चिर्र. हे बसले होते. सगळ्यांची चोच एकाच बाजूला. स्पीकरकडं.

जाणकार म्हणतील, राघू डोळ्यानं शिकार करतो, कानानं नाही. त्यांचं खरं असेल. पण मी पाहिलं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी अजून जास्त. कुठून येत होते? त्यांच्याकडचंही जेवण गेलं होतं बहुतेक. एखादा मध्येच झेप घ्यायचा, गोंड्यांवरून एक गिरकी मारायचा, रिकाम्या चोचीनं परत बसायचा. आणि चोच तारेला आपटायचा. सवयीनं. चोचीत काही नसताना.

तो आवाज, टक टक, गुणगुणीतून ऐकू येत होता.

आत्यानं ते बघितलं. मग ती बांधावर आली, स्पीकरजवळ बसली, आणि तिला बटण माहीत नव्हतं म्हणून तिनं वायरच उपटली.

शांतता एवढ्या जोरात आली की मी कान झाकले.

“माश्यांना फसवायला निघाला होतास,” ती म्हणाली. “माश्या हायत कुठं फसायला? हे बिचारे फसले.”

“आत्या, अगं, उळ्यासाठी...”

“उळं माझं हाय. त्याच्यापायी उपाशी जीव तारेवर नाय बसवायचे.” तिनं वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. “घेऊन जा हे लग्नाला.”

राघू संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले, आवाज परत येईल म्हणून. मी टेम्पो वळवला तेव्हा सगळ्यांच्या माना टेम्पोबरोबर वळल्या. मी रस्ताभर आरशात बघत गेलो.

चैत्राच्या शेवटी आत्याचा निरोप आला, गोंडे बडवायला ये. खळ्यात ताडपत्रीवर वाळलेल्या गोंड्यांचा ढीग होता. काठीनं बडवायचे, सुपात घ्यायचे, वाऱ्यावर उपणायचं. दाणा खाली पडतो, टरफल उडतं. त्या दिवशी वाऱ्याला भारी काम होतं; खळं टरफलांनी पांढरं झालं होतं. पण अगदीच सगळं उडत नव्हतं. ज्या गोंड्यांवरून हात फिरले होते, त्यांच्यात थोडा थोडा दाणा धरला होता. ताडपत्रीच्या कोपऱ्यात एक काळी ढिगुली झाली होती, ओंजळीत मावेल एवढी. आत्या अधूनमधून वाकून तिच्यात बोट फिरवायची, जिवंत आहे का बघितल्यासारखं.

“एक वाफा होईल,” मी म्हणालो.

“उगवलं तर,” ती म्हणाली.

मी काठी उचलली. आणि मला गुणगुण ऐकू आली.

अगदी तीच. जमिनीपासून छातीपर्यंत. आधी मी रागावलो. म्हटलं, स्पीकर चालू राहिला वाटतं. मग लक्षात आलं, स्पीकर टेम्पोत आहे, टेम्पो रस्त्याला आहे, वायर गुंडाळलेली आहे. मी आत्याच्या तोंडाकडं बघितलं. म्हटलं, आता “श्शऽऽ” ऐकू येणार आणि तिचे ओठ मिटलेले असणार.

पश्चिमेकडून, डोंगरांच्या बाजूनं, एक काळपट पट्टा आला. धुरासारखा, पण वाऱ्याच्या उलट. द्राक्षबागेवरून सरकला, विहिरीवरून सरकला आणि आत्याच्या तुकड्यावर येऊन फिरायला लागला. आग्या माश्या. खऱ्या. त्यांना वाट पाठ होती. उपटून टाकलेल्या डोंगळ्यांच्या मोकळ्या जमिनीवर त्या गोल गोल फिरल्या, खाली आल्या, वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. मग खळ्यावर आल्या. वाळक्या गोंड्यांवर बसल्या. एकेक टरफल चाचपत चालायला लागल्या. एक आत्याच्या सूप धरलेल्या, अजून पिवळट राहिलेल्या हातावर बसली, बोटांच्या बेचक्यांत शिरून हुंगू लागली.

मला राहवलं नाही. गळ्यात होता नव्हता तेवढा आवाज काढून मी ओरडलो, “आत्या! अगं आत्या, आल्या! माश्या आल्या गं!”

तिनं मला गप्प केलं नाही. सूप हलवायचंही थांबवलं नाही. हातावरच्या माशीला धक्का लागणार नाही एवढं ते हळू केलं, आणि म्हणाली,

“पंगत उठली.”